जन्मापूर्वीच्या मुखदर्शनाची कार्यपद्धती

माणसाचं तोंड कुणी, केव्हा आणि किती वेळ पाहावं, हे कुठल्याही सुसंस्कृत समाजाने माणसाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. नवरीचं तोंड कधी उघडायचं याला नियम आहे, पासपोर्टच्या फोटोत ते किती मिटायचं याला नियम आहे, आणि मेलेल्याचं कधी झाकायचं यालाही आहे. आमच्या तराज शहरात नवजात बाळाचं तोंड चाळीस दिवस बाहेरच्या कुणाला दाखवत नाहीत. नजर लागते म्हणून. ओरिनकुल यांनी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे त्यांचा नजरेवर विश्वास नव्हता. त्या हाच नियम जंतुसंसर्गाच्या कारणास्तव पाळत. (दिवस तेवढेच, पाळण्याला बांधायची घुबडाची पिसंही तीच. कारण तेवढं शास्त्रीय.)

त्यांची सून बालजान नागरी सेवा केंद्रात चौदा नंबरच्या खिडकीवर बसत असे. जन्माचे दाखले आणि पत्त्यातले बदल तिच्याकडे. नऊ वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती, ती अशी की नियमात काय लिहिलंय ते अर्जदार वाचतो आणि काय लिहिलेलं नाही ते वकील वाचतो. म्हणून एप्रिलमधल्या एका संध्याकाळी चहा ओतता ओतता सासूबाई जेव्हा म्हणाल्या, "चाळीस दिवस म्हणजे जन्मानंतरचे. जन्माआधी दाखवू नये असं कुठं म्हटलंय?" तेव्हा तिला या युक्तिवादात एकही फट सापडली नाही.

"नियमात बसतं, अपा," ती म्हणाली. सासूला ती अपा म्हणे आणि सासऱ्यांना अता. हे वाक्य तिच्या तोंडून सवयीने गेलं, आणि त्याचा तिला पुढे बराच पश्चात्ताप झाला.

ओरिनकुल यांच्या मनात हा विचार आपोआप उगवला नव्हता. त्यांची जाऊ कादिशा हिने गेल्या हिवाळ्यात आपल्या नातवंडाचा फोटो ते जन्मण्याआधी दोन महिने काढून आणला होता. मातीच्या मूर्तीसारखा, पिवळसर सोनेरी. तो तिने चौकटीत लावला, उशीवर छापला, थर्मासवर छापला, आणि त्याचं बारा महिन्यांचं कॅलेंडर केलं. बाराही पानांवर फोटो तोच होता, मागची दृश्यं तेवढी ऋतूप्रमाणे बदलत होती. ओरिनकुल यांनी ते कॅलेंडर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत शांतपणे चाळलं आणि परत देताना म्हणाल्या, "छान आलाय. हात तोंडावर आलाय का गं बारा महिने?"

सरकारी दवाखान्यात बालजानच्या सोनोग्राफ्या वेळच्या वेळी झाल्या होत्या, पण त्यांत पाहण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरबाई स्क्रीन स्वतःकडे वळवून घेत आणि सात मिनिटं फक्त आकडे सांगत. मांडीचं हाड इतकं, पोटाचा घेर तितका. बालजानने एकदा धीर करून विचारलं होतं, "चेहरा दिसतो का?"

"चेहऱ्याचं मला काय करायचंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदयाचे चार कप्पे दिसले, मेंदू दिसला. पुसा आणि उठा. पुढच्या कोण?"

या उत्तरावर घरात चर्चा झाली आणि सरकारचा दृष्टिकोन कोरडा आहे असं ठरलं. ज्या बाळाच्या मांडीचं हाड सरकारने पुन्हा पुन्हा मोजलं, ते बाळ दिसायला कसं आहे याची कुठल्याही खात्याला माहिती नसावी, हे सासूबाईंना अस्वस्थ करत होतं.

बालजानलाही करत होतं, पण निराळ्या कारणाने. तिच्या खिडकीतून आजवर हजारो बाळं कागदोपत्री जन्माला आली होती. आपल्या पोटात खरोखर कुणी आहे यावर मात्र तिचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. तिला ते एकदा पाहायचं होतं. आणि ते कुणासारखं दिसतं हे लोकांनी सांगायच्या आत पाहायचं होतं. ही मागणी तिने कुणाजवळ केली नाही, कारण ती कुठल्या नमुन्यात बसेल हे तिला ठरवता आलं नाही.

'पहिला सलाम' हे केंद्र बाजारातल्या व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर होतं. त्याच्या एका बाजूला लग्नाचे पोशाख भाड्याने मिळत आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्त होत, म्हणजे आयुष्यातल्या गरजा ओळीने मांडल्या होत्या. पाकिटं, म्हणजे पॅकेजं, तीन. साध्या पाकिटात दहा मिनिटं, दोन फोटो आणि दोन खुर्च्या. कौटुंबिक पाकिटात वीस मिनिटं, सहा फोटो, सहा खुर्च्या. खानदानी पाकिटात चाळीस मिनिटं, भिंतीवरचा मोठा स्क्रीन, बारा खुर्च्या, उशी, थर्मास, आणि उंटाचं एक कापडी पिल्लू. या पिल्लाची मदार दाबली की वीस सेकंद बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येत. (पुन्हा दाबल्यास पुन्हा. बॅटरी ग्राहकाने स्वतः बदलायची.) भिंतीवर सूचना होती: 'ही वैद्यकीय तपासणी नाही. काही शंका असल्यास डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना काही शंका असल्यास त्यांनाच विचारा.'

खानदानी पाकीट घ्यायचं याबद्दल दुमत नव्हतं. बारा माणसांची यादी करायला मात्र नऊ दिवस लागले. बालजानची आई दामेतकेन डोंगराकडच्या गावात राहत असे आणि तिथून फोनवर वाटाघाटी करत असे. तिचं म्हणणं सहा-सहा असंच हवं. ओरिनकुल यांचं म्हणणं, बाळ ज्या घरात येणार त्या घराचे आठ. शेवटी सहा-सहावर तडजोड झाली, आणि तेवढ्यात येरासिलला, म्हणजे बालजानच्या नवऱ्याला, एक शंका आली.

"बालजानला कुणाच्या सहांत धरायचं?"

"तिला कशाला धरायचं?" ओरिनकुल म्हणाल्या. "ती पाहुणी नाही. ती जागा आहे."

फोनच्या दुसऱ्या टोकाला दामेतकेन म्हणाली, "हे मात्र बरोबर बोललात, विहीणबाई." दोन विहिणींचं एकमत होण्याचा लग्नानंतरचा हा पहिलाच प्रसंग. (त्यानंतरचा अजून आलेला नाही.)

ठरलेल्या शनिवारी तेरा माणसं दुसऱ्या मजल्यावर पोचली. दामेतकेन एका पातेल्यात बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, घेऊन आली होती, कारण रिकाम्या हाताने कुणाचं तोंड पाहू नये. केंद्रात मशीन चालवणारी नाझिपा नावाची बाई होती. तिने जिल्हा रुग्णालयात एकोणीस वर्षं सोनोग्राफी केली होती. इथे तिला करारानुसार वैद्यकीय स्वरूपाचं काहीही बोलायला बंदी होती. तिला चार वाक्यांची परवानगी होती: 'किती गोड', 'हसतंय बघा', 'कुणावर गेलंय हो?' आणि 'थोडं पाणी पिऊन या'. एकोणीस वर्षांचा अनुभव या चार वाक्यांत बसवताना तिची सुरुवातीला ओढाताण झाली असावी, पण आता ती सरावली होती.

बसण्यापासूनच अडचण आली. मानाची जागा म्हणजे दारापासून सगळ्यांत लांबची, हे लहान पोरालाही कळतं. तिथे घरातलं सगळ्यांत वडील माणूस बसतं, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण रिसकुल आत्या. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ अधू. पण 'पहिला सलाम'मध्ये त्याच जागी तपासणीचा कोच होता. म्हणजे मानाच्या जागेवर सून आडवी पडणार आणि आत्या दाराशी बुटांच्या शेजारी बसणार. हे दृश्य कुणालाच सोसण्यासारखं नव्हतं. बालजानलाही नव्हतं, ती तर कोचाच्या काठावर टेकायलाही तयार होईना.

तेव्हा कोच उचलून दाराच्या भिंतीशी नेण्यात आला आणि खुर्च्या पलीकडे मांडण्यात आल्या. दाराच्या भिंतीवर मोठा स्क्रीन टांगलेला होता. आता रिसकुल आत्या मानाच्या जागी, त्यांच्या दोन्ही बाजूंना अकरा माणसं वयाच्या क्रमाने, सगळ्यांची तोंडं स्क्रीनकडे, आणि स्क्रीनच्या बरोबर खाली बालजान.

"पण मग हिला दिसणार नाही," नाझिपा म्हणाली. हे वाक्य तिच्या चारांत नव्हतं.

"तिला काय, रोजचंच आहे," ओरिनकुल म्हणाल्या. "आमचं चाळीस मिनिटांचं आहे."

अशा रीतीने खोलीतल्या चौदा माणसांपैकी दोघींना स्क्रीन दिसण्याची सोय उरली नाही. एक रिसकुल आत्या, वयोमानामुळे. दुसरी बाळाची आई, पदामुळे.

बालजानच्या पोटावर थंड जेल ओतलं गेलं, नाझिपाने प्रोब टेकवला, दिवे मंद झाले. बालजान छताकडे पाहत होती. छतावर एक ओल आली होती, तिच्या आकारात तिने थोडा वेळ काही शोधून पाहिलं. मग समोरून उसासा आला. बारा माणसांचा एकत्र.

"पाठ आहे," दामेतकेन म्हणाली.

"पाठ कशी?" ओरिनकुल म्हणाल्या. "फिरव म्हणावं."

बाळ पाठ करून बसलं होतं. नाझिपाने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खालून पाहिलं. सगळीकडून पाठच. शिवाय एक हात डोक्यावर घेतलेला.

इथे दोन मतप्रवाह निर्माण झाले. ओरिनकुल यांच्या मते वडीलधाऱ्यांसमोर पाठ करून बसणं ही गोष्ट आमच्या घरात आजवर कुणी केलेली नाही, तेव्हा हे वळण आईकडचं असावं. दामेतकेनच्या मते ही पाठ उद्धटपणाची नसून लाजेची होती. "आमच्याकडची मुलं लाजरीच," ती म्हणाली. "अनोळखी माणसं आली की आत जाऊन बसतात."

"अजून किती आत जाणार?" सेईलखान म्हणाले.

सेईलखान म्हणजे बालजानचे सासरे. ते निवृत्त पशुवैद्य होते. चाळीस वर्षं त्यांनी घोड्या, गाई आणि क्वचित उंटिणी तपासल्या होत्या, त्यांतली शेवटची पंधरा सोनोग्राफीच्या मशीनने, बर्फात उभं राहून. स्क्रीनकडे पाहून खरोखर काही कळणारा पाहुण्यांमधला तो एकटाच माणूस असल्यामुळे त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. ते चष्मा पुसून म्हणाले, "डोकं खाली आलंय. वार वरच्या अंगाला, पाणी भरपूर. उत्तम आहे."

नाझिपाने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. करारात मान हलवण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

"थोडं पाणी पिऊन या," ती मग बालजानला म्हणाली.

बाळ वळावं म्हणून पुढील उपाय क्रमाने करण्यात आले. बालजानला गार सफरचंदाचा रस पाजला. तिला जिन्यावरून दोनदा खाली-वर केलं. (पाठोपाठ येरासिल, हातात जेलचा कागदी रुमाल घेऊन.) कुशीवर झोपवलं. चार बाउरसाक खायला घातले. ओरिनकुल यांनी उंटाच्या पिल्लाची मदार दाबून बाळाला त्याचेच ठोके ऐकवले, त्याने बाळ वळेल असा त्यांचा तर्क होता. त्या तर्काला आधार काय ते रसायनशास्त्राच्या कक्षेबाहेरचं आहे. प्रत्येक उपायानंतर बारा माणसं पुन्हा स्क्रीनकडे पाहत, आणि स्क्रीनवर पाठ असे.

चाळीस मिनिटांतली एकोणीस अशी गेली. मग तोक्तारकाकांनी घसा साफ केला.

तोक्तार हे सेईलखान यांचे चुलतभाऊ. लग्नांत सूत्रसंचालन करणं हा त्यांचा धंदा. नवी नवरी घरात आली की तिच्या तोंडावरचा पडदा उघडण्याआधी एक गाणं म्हणतात. त्यात सासरच्या एकेका वडील माणसाचं नाव घेतात, नवरी एकेक सलाम करते, तो माणूस काहीतरी भेट कबूल करतो, आणि शेवटी पडदा सारून तोंड पाहतात. तोक्तार यांनी अशी साडेतीनशे तोंडं उघडली होती आणि एकही वाया गेलं नव्हतं.

"आपण भेट काय देणार ते बोललोच नाही," ते म्हणाले. "फुकट कोण तोंड दाखवेल? उगाच त्या बाळाला नावं ठेवताय."

सगळ्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. बालजानच्या डोक्यात क्षणभर आलं की अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसह आला असेल तर तो परत जाणारच. तोक्तार यांनी आपलं दोन तारांचं दोंब्रा आणलं नव्हतं, तेव्हा त्यांनी थर्मासवर ताल धरला आणि सुरू केलं:

"सूर्य निजला पोटात, पडदा सारा हळू,
सेईलखानच्या दाराशी आलं उंटाचं पिल्लू.
मानाच्या जागी बसल्या वर रिसकुल आत्या थोर,
एक सलाम त्यांना करा, आणा मान समोर."

आणि स्क्रीनवर बाळाने मान हलवली.

बालजानला दिसलं काहीच नाही, पण पोटात एक छोटा धक्का तिला कळला. रिसकुल आत्यांना शेजारच्याने कानात सांगितलं, "तुम्हाला सलाम केला." आत्यांनी दोन्ही हात वर केले, पुटपुटत आशीर्वाद दिला आणि आपला चांदीचा कंगवा कबूल केला.

तोक्तार अनुभवी माणूस. त्यांनी पुढचं नाव घेतलं. सेईलखान. पुन्हा मान हलली. ओरिनकुल. हलली. दामेतकेन. हलली. दर चार सेकंदांनी एक सलाम, घड्याळ लावल्यासारखा.

"उचकी आहे ती," सेईलखान म्हणाले. "गर्भाला लागते. शिंगरालाही लागते."

"तुम्ही घोडी मध्ये आणू नका," ओरिनकुल म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी आणत नाही. मी उचकी म्हणतोय."

"तुम्हाला सलाम केला ना त्याने? मग भेट बोला आणि बसा."

सेईलखान यांनी स्क्रीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "घोडीच देतो," ते म्हणाले. "तांबडी, कपाळावर ठिपका असलेली." आणि बसले.

बारा नावं संपली तेव्हा सलाम चौदा झाले होते. हे जादा दोन सलाम कुणाच्या नावे जमा धरायचे यावर दोन्ही पक्षांत बोलणी सुरू होणार, एवढ्यात नाझिपा म्हणाली, "वळतंय."

बाळ वळलं. ते भेटींमुळे वळलं, रसामुळे वळलं, की थर्मासवरच्या तालाने त्याची झोप मोडली, याची नोंद नाही. हात बाजूला झाला आणि चेहरा आला. चार सेकंद, फार तर पाच. नाझिपाने तेवढ्यात सहा फोटो घेतले.

बालजानने मान मागे टाकून वर पाहायचा प्रयत्न केला. तिला स्क्रीनची खालची कड दिसली आणि त्यावर कंपनीचं नाव. मग तिने समोर पाहिलं. बारा माणसांवर पिवळा उजेड पडला होता आणि बाराही तोंडं उघडी होती. (पैकी तीन फोनच्या आड होती.) तिच्या आईने एका हाताने विहिणीचा दंड धरला होता, आणि दोघींनाही ते कळलेलं नव्हतं. इतक्या माणसांना एकदम इतकं खूष झालेलं बालजानने तिच्या खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं.

"किती गोड," नाझिपा म्हणाली. "कुणावर गेलंय हो?"

हे वाक्य करारात कुणी घातलं त्याला समाजाची उत्तम जाण असावी. पुढची नऊ मिनिटं नाक या विषयाला गेली. नाक गर्भाशयाच्या भिंतीवर दाबलं गेल्यामुळे पसरट दिसत होतं, असं सेईलखान यांचं मत, ते कामकाजातून वगळण्यात आलं. उरलेल्या अकरांपैकी पाच जणांनी ते सेईलखान यांच्या दिवंगत वडिलांचं नाक म्हणून ओळखलं, पाच जणांनी दामेतकेनच्या थोरल्या भावाचं म्हणून ओळखलं, आणि रिसकुल आत्या म्हणाल्या, "मला काही दिसत नाही, पण वडिलांचंच असणार." सहा विरुद्ध पाच. दामेतकेनने न पाहणाऱ्याचं मत धरू नये अशी हरकत घेतली. त्यावर ओरिनकुल म्हणाल्या की मग तुमच्या थोरल्या भावाला तरी कुणी नीट पाहिलंय, ते कायम टोपीत असतात.

फोटो छापून आले. उशी येत्या गुरुवारी मिळेल असं सांगण्यात आलं. बाराही जण फोटो एकमेकांच्या हातांतून ओढत खालच्या मजल्यावरच्या चहाच्या दुकानाकडे निघाले. येरासिल मागे वळून म्हणाला, "तू पुसून ये हं सावकाश," आणि फोटोंच्या मागे गेला. दार लागलं. खोलीत बाउरसाकांचा वास राहिला.

बालजान रुमालाने पोट पुसायला लागली.

"थांबा," नाझिपा म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं आहेत अजून. तुम्ही पाहिलंच नाहीत ना?"

तिने मशीनचा छोटा स्क्रीन बालजानच्या तोंडासमोर वळवला आणि प्रोब पुन्हा टेकवला. बालजानने डोळे बारीक केले.

बाळाने पुन्हा पाठ केली होती.

"छे," नाझिपा म्हणाली. "जरा हलवून बघते."

"नको," बालजान म्हणाली. "राहू दे. दाखवा तशीच."

लहानशी पाठ होती. मधून कण्याचे मणी ओळीने, वर मानेपर्यंत, माळेसारखे. खांद्यांची दोन छोटी हाडं. पाठ थोडी वर झाली, थोडी खाली झाली. बालजान पाहत राहिली. या पाठीला नाक नव्हतं, त्यामुळे ती कुणावरही गेलेली नव्हती. गेले दोन-तीन महिने जे कुणी आतून तिच्या बरगड्यांना टाचा लावत होतं ते हेच, आणि एवढा कल्ला झाल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपणारं हेच. तीही घरी पाहुणे जास्त झाले की स्वयंपाकघरात याच पद्धतीने बसत असे.

"आहे गं खरंच," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते नाझिपाने विचारलं नाही.

दार किलकिलं झालं. सेईलखान सुनेला बोलवायला आले होते. ते संकोचून मागे वळणार होते, पण स्क्रीन दिसल्यावर त्यांच्यातल्या पशुवैद्याला राहवलं नाही. त्यांनी दारातूनच चष्मा वर केला आणि मणी मोजले. मानेपासून खालपर्यंत, ओठ हलवत.

"कणा सरळ आहे," ते म्हणाले. "सगळे आहेत. बघायचं ते हेच असतं, बाळा. नाकाला काय, आकार नंतर येतो."

"याचा एक फोटो मिळेल?" बालजानने नाझिपाला विचारलं.

"पाठीचा?" नाझिपाने जरा विचार केला. "पाठीचा कुणी मागत नाही. पाकिटात नाही तो." मग तिने बटण दाबलं. "कागद अडकला होता असं लिहीन."

बाळ जुलैत जन्मलं. वेळेवर, डोकं आधी, ठणठणीत, साडेतीन किलो. दुसऱ्याच दिवसापासून चाळीस दिवसांचा नियम लागू झाला. पाहुणे येत, त्यांना आतल्या खोलीत सोडत नसत, पण कुणाला विन्मुख पाठवण्याची आता गरज उरली नव्हती. बैठकीत सोनेरी फोटो होता. लोक त्याच्यासमोर बसत, त्याला भेटी देत, त्याच्या नाकाचं कौतुक करत आणि चहा पिऊन जात. आतून रडण्याचा आवाज आला तर ओरिनकुल दार लोटून घेत, म्हणजे दर्शनात व्यत्यय नको. कादिशा येऊन गेली. तिने फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हात नाही वाटतं तोंडावर." ओरिनकुल यांनी त्या रात्री शांत झोप घेतली.

चाळीस दिवस भरले आणि बाळाला बाहेर आणलं. जमलेल्या माणसांनी बाळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा बाळाकडे पाहिलं.

"फोटोत जरा भरलेलं वाटत होतं," एक जण म्हणाली.

"रंगही तो नाही," दुसरी म्हणाली.

"नाक बदललं की काय?" दामेतकेन म्हणाली. नाक खरोखरच कुणासारखं नव्हतं. लहानसं, वर वळलेलं. ओरिनकुल यांनी सगळ्यांना धीर दिला की हळूहळू फोटोसारखं होईल, बाळं बदलतात.

रिसकुल आत्यांनी तेवढी तक्रार केली नाही. त्यांच्या मांडीवर बाळ दिलं तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाल्या, "गरम आहे की." मग बराच वेळ कुणाला दिलंच नाही.

दाखला बालजानने रजेवर असताना स्वतःच्याच खिडकीवर जाऊन काढला. तिच्या जागी बसलेल्या नव्या बाईने एक रकाना चुकवला होता, तो तिने तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला.

तर अशी ही हकिकत. बाळाचं वजन तुम्हाला सांगून झालं, नाक सांगून झालं, कण्याचे मणी सांगून झाले, उचक्या मोजून दिल्या. बाळ सुखरूप आहे, आई सुखरूप आहे, तांबडी घोडी सुखरूप आहे. एवढं सगळं हातात असूनही काही वाचक मघापासून पानं उलटी चाळताहेत असं दिसतं. आपल्याकडून वाचताना काही सुटलं का, 'तो' किंवा 'ती' असं कुठे आलंय का, ते शोधताहेत. सुटलेलं नाही. तुमच्याकडे सोनोग्राफीच्या प्रत्येक दारावर एक पाटी लावावी लागते म्हणे, की तो प्रश्न इथे विचारू नये. या कथेच्या दारावरही ती आहे असं समजा, आणि मनात का होईना, तो विचारल्याबद्दल आपलं नाव चौदा नंबरच्या खिडकीवर नोंदवून जा.